डावा कान खालून धरा

मी टोप बोलतोय. एका कानाचा टोप. दुसऱ्या कानाच्या जागी जाड तार आहे, ती कशी आली ते पुढे येईलच. तसा मी बोलका नाही. भांड्यानं फार वाजू नये असं मला सांभाळणारी हाजा सित्तना म्हणते आणि तिचा शब्द मी सहसा मोडत नाही. पण माझ्या पोटात एक गोष्ट तळाला बसून राहिली आहे, करपलेल्या डाळीसारखी. खरवडल्याशिवाय ती निघायची नाही.

माझा जन्म राजधानीला लागून असलेल्या ओम्दुर्मान शहरातला, ओताऱ्यांच्या गल्लीतला. त्याआधी मी एकसंध नव्हतो. थोडा मी एका जुन्या लॉरीचा पिस्टन होतो, थोडा खिडकीची चौकट आणि बराचसा थंड पेयांचे चेपलेले डबे. हमदून ओताऱ्यानं हे सगळं भट्टीत वितळवलं आणि नदीकाठच्या ओल्या वाळूच्या साच्यात ओतलं. ओतताना शेजारचा दुकानदार काहीतरी चावट बोलला. हमदून हसला, त्याचा हात किंचित हलला आणि माझ्या डाव्या कानात हवेचा बुडबुडा अडकला. डावा म्हणजे माझ्या काठावर चंद्रकोरीची खूण आहे, तिच्या डावीकडचा. वरून काही दिसत नव्हतं, पण हमदूननं नखानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं.

मला घ्यायला उम्म सयाल गावची माणसं आली होती. कापूस विकला गेला होता आणि गावाच्या सामाईक भांड्यांत एक मोठा टोप हवा होता. हमदूननं काही लपवलं नाही.

"पोरगं धडधाकट आहे," तो म्हणाला, "फक्त डाव्या कानानं हळवं आहे. उचलताना डावा कान खालून धरा. वरून धरून ओढलंत तर एक दिवस कान हातात येईल."

"आमच्या शेखलाही डाव्या कानानं ऐकू येत नाही," त्यांच्यातला एक म्हणाला. "गावात शोभेल. बांधा."

उम्म सयाल हे कालव्याकाठचं गाव. मी हाजा सित्तनाच्या घरी राहू लागलो, कारण हज करून आलेल्या या बाईच्या हातचं मीठ कधी चुकत नाही हे गावानं मान्य केलं होतं. लग्न असो की कुणाच्या घरचा शोक, मला बोलावणं यायचं. आणि मला उचलायला कुणी वाकलं की आजूबाजूचे सगळे एका सुरात ओरडायचे, "डावा कान खालून!" लग्नघरात एखाद्याला नवरदेवाचं नाव आठवायचं नाही, पण हे आठवायचं. लोक हाजाच्या खांद्यावरचं फडकं न विचारता ओढून घ्यायचे, डाव्या बाजूचा माणूस ते हाताला गुंडाळायचा आणि हात कानाखाली घालायचा. मला उचलायची ही गावाची रीत झाली होती.

माझा आवडता महिना रमजान. आमच्याकडे घरात दार लावून रोजा सोडणं म्हणजे कद्रूपणा. ऊन कललं की गावचे पुरुष चटया आणि पाण्याचे माठ घेऊन मोठ्या रस्त्यावर येत, मला कडुलिंबाखाली चुलीवर ठेवत. मग हमदनीलकाका पुढे व्हायचा. तो कालव्याच्या दारांवरचा जुना चौकीदार होता. तो डोक्यावरचं पागोटं सोडायचा, त्याचं एक टोक स्वतः धरायचा, दुसरं समोरच्या माणसाच्या हातात द्यायचा आणि ते लांबलचक पांढरं कापड रस्त्यावर आडवं धरून उभा राहायचा. येणारी गाडी थांबलीच पाहिजे.

"काका, आज सोडा," बसचा ड्रायव्हर गयावया करायचा. "पुढच्या गावाला शब्द दिलाय."

"पुढच्या गावाला सांग, उम्म सयालनं तुला पळवून नेलं," काका म्हणायचा. "उतर. तुझी बस काही माझ्याकडे रागानं बघत नाही, तूच बघतोयस."

आणि एक नियम होता. चटईवर बसलेल्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. खाऊन उठल्यावर त्यानं आपणहून सांगितलं तर ऐकायचं. यजमानानं उभं राहून वाढायचं आणि पाहुण्यानं बसून खायचं.

एका रमजानच्या शेवटी शेवटी राजधानीत लढाई पेटली. रस्त्यावर बसमागून बस येऊ लागली. काकानं नेहमीसारखं पागोटं आडवं धरलं. बसच्या टपावर गाद्या होत्या, एका बाईच्या मांडीवर पिंजरा होता आणि पिंजऱ्यात काही नव्हतं. लोक उतरले, बसले, जेवले. पण जेवून कुणी उठलं नाही. ड्रायव्हर हात धुऊन आला आणि हळूच म्हणाला, "माझं डिझेल इथपर्यंतच होतं."

तेव्हा एक सडपातळ तरुण माझ्याजवळ आला. त्यानं हाजाला विचारलं, "भांडी कुठे घासायची?"

"पाहुणा भांडी घासत नाही."

"हाजा, मी उद्याही इथेच असणार असं दिसतंय. परवाही. मग मी पाहुणा कधीपर्यंत?"

हाजानं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि घासणी त्याच्या हातात दिली. त्याचं नाव मुज्तबा. राजधानीत औषधांच्या दुकानात कामाला होता. दुकान जळलं होतं आणि घराचं काय झालं हे त्यानं कधी सांगितलं नाही.

गावानं शाळेच्या खोल्या उघडल्या. शाळा रस्त्यालाच लागून, कडुलिंबासमोर. आलेले लोक तिथे राहिले आणि मी रोज चुलीवर चढू लागलो, लग्न नसताना, शोक नसताना. खरं तर शोक होताच, पण त्याला शेवटचा दिवस नव्हता.

सुरुवातीला मुज्तबाला काही येत नव्हतं. कांदा हातात धरून तो असा बघायचा जणू कांदाच त्याला काही विचारणार आहे.

"राजधानीत कांदे सोलूनच उगवतात वाटतं?" हाजा म्हणायची.

"नाही हाजा, आमच्याकडे कांदा बाटलीत मिळतो. झोपताना दोन चमचे."

मला पहिल्यांदा उचलताना त्यानंही डावा कान वरून धरला होता. सगळं अंगण ओरडलं तेव्हा बिचारा दचकून मागे सरला. त्यानंतर कधी चुकला नाही. पुढे नव्या माणसांवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा तोच.

हळूहळू चुलीचा सगळा भार त्याच्या अंगावर आला. मदत वाटणाऱ्या मोठ्या संस्थांच्या गाड्या नाक्यांवर अडकून पडायच्या. त्यांची पोती उन्हात वाट बघायची आणि आमची माणसं सावलीत. मग ठिकठिकाणच्या चुलींनी आपसांत संधान बांधलं. परदेशात गेलेल्या मुलांनी, दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकांनी पाठवलेली मदत वळणावळणानं, कालव्यातल्या होडीतून आमच्यापर्यंत यायची. मसूर, ज्वारीचं पीठ, मीठ. कुठली होडी कधी आणि कुठल्या झाडापाशी लागणार, हे मुज्तबाच्या डोक्यात असायचं.

रांगेत पहिल्या उभ्या असायच्या फौजियाबाई. राजधानीतल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या ओगराळ्यात वाकून बघायच्या.

"मुज्तबा, ही डाळ आहे की डाळीची आठवण?"

"आठवणच आहे बाई. गरम आहे तोवर घ्या."

"खालचं घट्ट दे. मी शिकवलेली मुलं आज मंत्री आहेत."

"म्हणूनच तर आपण इथे आहोत, बाई."

बाई हसू दाबायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार.

मग लढाई आमच्या बाजूला आली. कालव्यापर्यंतचा सगळा मुलूख बंदूकवाल्यांच्या हातात गेला. गावातले ट्रॅक्टर गेले, गुरं गेली. पलीकडच्या गावात आमच्यासारखीच चूल होती. ती चालवणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं, पोती कुठून येतात? पाठवतो कोण? म्हणजे तू दुसऱ्या बाजूचा माणूस. त्याला गाडीत घालून नेलं, तो परत आला नाही. नाक्यावरून जाणारे लोक सांगू लागले की आता ते एका नावाची चौकशी करतात. उम्म सयालच्या चुलीवरचा, राजधानीचा मुज्तबा. चेहरा कुणाला माहीत नव्हता. नाव मात्र पोहोचलं होतं.

"जा इथून," हाजा त्याला रोज म्हणायची. "कालवा ओलांड आणि जा."

"पुढची होडी आली की जातो."

"मागच्या होडीलाही हेच म्हणाला होतास."

"मागच्या होडीत मीठ नव्हतं, हाजा. तुझ्या हातचं मीठ चुकलं असतं तर गावानं मला माफ केलं असतं का?"

असा दुसरा रमजान उजाडला.

त्या वर्षी रस्त्यावर जेवण मांडायचं की नाही यावरून गावात वाद झाला. बस बंद होत्या. रस्त्यावर होती ती पळणारी माणसं. पायी, गाढवाच्या गाड्यांवर, कधी एखाद्या छोट्या ट्रकवर घर लादून. हाजा म्हणाली, आत शाळेच्या आवारात मांडा. काका ऐकेना.

"उपाशी माणूस पायी चाललाय आणि मी भिंतीआड बसून खजूर खाऊ?"

"तुला दिसतं का धड? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कुणाला थांबवशील त्याचा नेम नाही."

"पागोटं मी डोळ्यांनी धरत नाही," काका म्हणाला.

आणि गावानं त्याचं ऐकलं. आमच्या गावाची चूक म्हणाल तर ती ही. दुसऱ्या कुठल्या गावानं ती केली नसती.

त्या संध्याकाळी मी काठोकाठ भरलेला होतो. मसूर आणि ज्वारीचे दाणे, वर हाजाची कांद्याची फोडणी. पहिली ओगराळी रस्त्यावरच्यांना, बाकी सगळं शाळेतल्यांना, असा हिशेब. मुज्तबा ओगराळं घेऊन माझ्यापाशी उभा होता. फाटकात बाया वाडगे घेऊन थांबल्या होत्या, सगळ्यांत पुढे फौजियाबाई. चटईवर दोन-चार वाटसरू बसले होते. पश्चिमेकडे धुळीचा लोट उठला.

काकानं डोळे बारीक केले. मावळत्या उन्हात त्याला एक गाडी दिसली. वर गाद्या रचलेल्या, एक लोखंडी पलंग उलटा बांधलेला, फ्रीज, वाऱ्यावर उडणारी चादर. कुणाचं तरी अख्खं घर चाललं होतं. "बिचारे," काका म्हणाला. त्यानं पागोटं सोडलं, एक टोक शेजारच्याला दिलं आणि रस्त्यात आडवा उभा राहिला.

घर कुणाचं तरी होतंच. पण गाडीवर बसलेले त्या घराचे नव्हते.

ब्रेक करकचले. धूळ खाली बसली. गाद्यांवरून बंदुका खाली उतरल्या. ज्यानं पागोट्याचं दुसरं टोक धरलं होतं त्याच्या हातून ते गळून पडलं. काकाला आधी काही कळलं नाही. बंदुकीचा खटका ओढल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. पण हात खाली आला नाही.

"उतरा बाबांनो," तो म्हणाला. "सूर्य बुडाला. रोजा सोडा."

गाडीच्या पुढच्या सीटवरून त्यांचा म्होरक्या उतरला. त्याच्या दंडावर चामड्याचे ताईत होते. त्याची माणसं त्याला जनाब म्हणत. त्यानं काकाकडे, मग कापडाकडे पाहिलं आणि हसला.

"इतके दिवस फिरतोय," तो म्हणाला, "आम्हाला बघून पळणारे पाहिले. थांबवणारा पहिलाच."

"पळायला गुडघे लागतात, जनाब," काका म्हणाला. "माझ्याकडे पागोटंच आहे."

माणसं हसली. त्यांचाही उपास होता, दिवसभर धूळ खाल्ली होती. ते चटईकडे येऊ लागले. आणि माझ्यापाशी मुज्तबा उभा होता, हातात ओगराळं घेऊन. उभा म्हणजे यजमान. वाढणारा म्हणजे चुलीचा माणूस.

काका अंदाजानं चालत आला, त्याच्या हाताला मुज्तबाचं मनगट लागलं आणि तो जोरात खेकसला, "आणि तुम्ही हो पाव्हणे! केव्हाचं सांगतोय बसा म्हणून! वाढायला हात लावता, आमची लाज काढता का? ठेवा ते!"

ओगराळं काकाकडे गेलं. मुज्तबा चटईवर बसला. जागा राहिली होती ती जनाबच्या शेजारीच.

त्यांनी खजूर तोंडात टाकले, पाणी प्याले, मग सगळे एका ओळीत नमाजाला उभे राहिले. जनाब, त्याचे लोक, वाटसरू, मुज्तबा. बंदुका समोर चटईवर ठेवल्या होत्या. ते वाकले तेव्हा कपाळं बंदुकांच्या बाजूला टेकली. मला फक्त पाठी दिसत होत्या आणि पाठीवरून कोण कोण आहे ते कळत नाही.

मग जेवण. काका चाचपडत वाढत होता, थोडं बाहेर सांडत होतं. फाटकातली रांग जागची हलत नव्हती. एरवी तिथून हाका यायच्या, मुज्तबा, इकडे, मुज्तबा, माझ्या पोराला थोडं जास्त. त्या दिवशी पोरंसुद्धा गप्प. पदराआड किती तोंडं दाबून धरली होती कोण जाणे.

"ही चूल कोण चालवतो?" जनाबनं घास चावत विचारलं.

शांतता लांबली. ती आणखी लांबली असती तर तिनंच उत्तर दिलं असतं. तेवढ्यात फौजियाबाई वाडगा घेऊन थेट पुढे आल्या.

"मीही तेच विचारते," त्या म्हणाल्या. "कुणी चालवणारा असता तर डाळ अशी असती का? बघा, बघा ही. वाडग्याचा तळ दिसतोय. मी तक्रार करायची तर कुणाकडे?"

जनाबच्या एका माणसाला ठसका लागला. जनाबही हसला. पण त्याची नजर मुज्तबावरून हलली नाही.

"तू, भाऊ. कुठून आलास?"

"जनाब," काका मध्ये पडला, "चटईवर बसलेल्याला विचारायचं नाही. तुम्हालाही मी विचारलं नाही."

"खरंय." जनाबनं बोटं चाटली. "नाही विचारत. तसंही माणूस काय बोलतो त्यावर मी जातच नाही. लढाईच्या आधी मी गुरांचा व्यापारी होतो. बाजारात प्रत्येक जण शपथ घेतो की बैल माझा. मी म्हणायचो, बोलू नकोस, दावं धर. कुणाचा बैल आहे ते धरण्यावरून कळतं." तो उठला. "हा टोप गाडीत घाला. टोप नाही तर चूल नाही आणि आमच्या पोरांनाही लागतोच आहे. भाऊ, तू खाल्लंस ना? मग उचल. तू एका बाजूनं, माझा माणूस दुसऱ्या बाजूनं."

मुज्तबा उठला. त्याचे पाय आपोआप आपल्या जागी आले, डाव्या कानापाशी. तिथेच तो रोज उभा राहायचा. हाजा शेजारीच होती, खांद्यावर फडकं होतं. त्याचा हात तिच्या खांद्याकडे निघाला.

मी तो हात बघत होतो. जनाबही बघत होता.

हात मध्येच थांबला आणि रिकामा परत आला. मुज्तबा वाकला. क्षणभर त्याची बोटं माझ्या डाव्या कानाखाली शिरू लागली, शेकडो वेळा शिरली होती तशी. मग ती वर आली. त्यानं माझा कान वरून धरला, उघड्या हातानं, एखाद्या परक्या माणसासारखा.

तो काय करतोय हे मला कळलं. हाजालाही कळलं. गावातल्या सगळ्यांना कळलं असणार, कारण त्या दिवशी पहिल्यांदा कुणी ओरडलं नाही. जे वाक्य लग्नात, शोकात, झोपेतसुद्धा त्यांच्या तोंडून निघायचं, ते सगळ्यांनी गिळलं. हाजाचे ओठ हलले होते. तिनं ते दातांखाली धरले.

कान चुलीवरचा होता, तापलेला. मुज्तबाची कातडी चरचरली. त्यानं ओढलं. माझ्यात हमदूनचा तो बुडबुडा होता, इतकी वर्षं सांभाळलेला. मी सांभाळणं सोडून दिलं.

कान त्याच्या हातात आला. मी कलंडलो. उकळती डाळ त्याच्या डाव्या पावलावर, चटईवर, रस्त्यावर पसरली. मुज्तबा किंचाळून खाली बसला. जनाब मागे उडी मारायला गेला तरी त्याचे बूट भिजलेच. त्यानं मला एक लाथ घातली. तो पोचा अजून आहे, हात लावून बघा.

"भंगार!" तो ओरडला. मग वाकून त्यानं मुज्तबाचा तळवा उलटा केला. लालभडक, कातडी सुटलेली. त्यानं तो बराच वेळ पाहिला. "हा कसला चुलीचा माणूस," तो आपल्या माणसांना म्हणाला. "गरम भांडं कसं धरतात तेही ठाऊक नाही. चला."

जाताना त्यांनी कडुलिंबाखालचं मसुराचं पोतं नेलं. दुसरं पोतं फौजियाबाईंच्या खाटेखाली होतं. त्या आधीच जाऊन खाटेवर बसल्या होत्या.

गाडीचा आवाज विरला. मग हाजा खाली बसली आणि जमिनीवरून, वरवरची, जिथे माती लागली नव्हती तेवढी डाळ दोन्ही हातांनी माझ्यात भरू लागली. ती रडत होती आणि डाळ भरत होती. शाळेतली पोरं त्या रात्री अर्धपोटी झोपली. हे मी सांगायलाच हवं. माझ्या कानाचं मोल त्यांनीही भरलं.

काका मुज्तबाच्या पायाशी बसला होता. "माझ्या डोळ्यांनी घात केला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यानं पागोटं दातांनी फाडलं आणि अर्धं त्या पावलाला गुंडाळलं.

"काका," मुज्तबा कण्हत म्हणाला, "मलाही तुम्ही असंच अडवलं होतं. तेव्हाही न बघताच."

"तुला बघितलं असतं तर जाऊ दिलं असतं," काका म्हणाला आणि मग दोघंही कसंतरी हसले.

पहाटे मुज्तबाला गाढवाच्या गाडीत घातलं, वर कडबा टाकला. कालव्यापाशी होडी होती. त्यानं हाजाचा हात धरला आणि काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "मीठ आहे. जा."

त्याच संध्याकाळी काकानं उरलेलं अर्धं पागोटं घेतलं आणि रस्त्यावर गेला. मला वाटलं, हाजा भांडणार. ती गेली आणि कापडाचं दुसरं टोक धरून उभी राहिली. "डोळे माझे, तोंड तुझं," ती म्हणाली. "मी सांगेन तेव्हाच हाक मार."

पुढे गावही सुटलं. एका सकाळी सगळे निघाले. मला गाडीवर पालथा बांधला होता, त्यामुळे वाटेचं मी फारसं पाहिलं नाही, ऐकलं. आता आम्ही पूर्वेकडे, मैदानातल्या तंबूंमध्ये आहोत. इथल्या एका मेकॅनिकनं माझ्या डाव्या बाजूला भोकं पाडून गाडीच्या स्प्रिंगची तार बसवली. काकाला आता काहीच दिसत नाही. फौजियाबाई एका ताडपत्रीखाली शाळा घेतात आणि डाळीबद्दल तक्रार करतात. संस्थेची पोती कधी येतात, कधी येत नाहीत. मी कधी भरलेला असतो, कधी अर्धा.

मुज्तबाची काही खबर नव्हती. होडी पलीकडे लागली की नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं. हाजा विचारत नसे. पण मला घासताना तारेपाशी आली की तिचा हात सावकाश व्हायचा.

या रमजानमध्ये काकाचं ते अर्धं पागोटं पुन्हा रस्त्यावर आलं. परवा एक माणूस थांबला, पाठीवर पिशवी, सरहद्दीच्या बाजूनं आलेला. बसला, जेवला. उठल्यावर त्यानं हाजाला मला उचलताना पाहिलं आणि मदतीला धावला. आजूबाजूचे ओरडणार, तोच तो वाकला, हाजाच्या खांद्यावरचं फडकं ओढलं, एका हातानं काठ धरला आणि दुसरा हात सरळ तारेखाली घातला. खालून.

सगळे थबकले. हाजाचा चेहरा पांढरा पडला.

"हे तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. तिनं नियम मोडला नव्हता. त्याचं जेवण झालं होतं.

"काय?" तो माणूस गोंधळला. "हां, हे! अहो, आमच्या तिकडच्या छावणीत चूल आहे. तिथला माणूस जीव खातो. जरा टोपाला हात लावला की ओरडतो, डावा कान खालून धरा, डावा कान खालून! आता सवयच लागलीय." तो हसला. "गंमत म्हणजे त्याच्या टोपाचे दोन्ही कान धड आहेत. आम्ही म्हणतो, भाजला तेव्हा पायासोबत डोकंही भाजलं असणार."

"कुठला पाय?" काकानं अंधारात तोंड फिरवून विचारलं.

"डावा. का?"

हाजानं मला खाली ठेवलं आणि माझ्या काठावर कपाळ टेकलं. मी गरम होतो, तिला चटका बसला असणार. तिनं कपाळ काढलं नाही.

एवढीच माझी गोष्ट. मी भांडं आहे, मला जास्त मागता येत नाही. तुमच्या रस्त्यानं कुणी घर डोक्यावर घेऊन चाललेलं दिसलं तर त्याला बसवा, आधी खाऊ द्या, नाव मागून विचारा. आणि कधी आमच्याकडे आलात, मला उचलायची वेळ आली, तर माझ्या डाव्या बाजूला आता कान नाही, तार आहे. ती पक्की आहे, तुटायची नाही.

तरी खालूनच धरा.